दुपारीच बंद पडणारा पीसी: दोष कूलरचा की एसएमपीएसचा?

लक्षण असं होतं. गेम चालू असताना स्क्रीन एकदम काळी, सगळे फॅन थांबले, कॅबिनेटमधले रंगीत दिवेही गेले. निळी स्क्रीन नाही, सूचना नाही, आधी अडखळणं नाही. पॉवरचं बटण दाबलं तरी ढिम्म. भिंतीवरचा स्विच बंद करून पाच-दहा मिनिटं थांबलं की मग सुरू. आणि हे फक्त दुपारी, साधारण दोन ते पाच. रात्री दहानंतर तोच गेम, त्याच सेटिंगवर, तीन-तीन तास बिनधास्त चालायचा.

मशीन माझ्या भाच्याचं. सांगलीत विश्रामबागेत ताईचं घर, त्याची खोली वरच्या मजल्यावर, डोक्यावर उघडी गच्ची. डिसेंबरात आम्ही दोघांनी मिळून जोडलं होतं: रायझन ५ ५६०० प्रोसेसर, आरटीएक्स ३०६० ग्राफिक्स कार्ड, १६ जीबी रॅम, एक एसएसडी. गुढीपाडव्यापर्यंत एकदाही कुरकूर नाही. पाडव्यानंतर ऊन तापायला लागलं आणि एक दिवसाआड फोन, "मामा, परत बंद पडला की!"

ओळखीतल्या लोकांची मशीन जोडून देण्याची माझी जुनी हौस आहे, त्यामुळे मला हे कळायला हवं होतं. पण दुपारी बंद पडतंय म्हणजे तापतंय, आणि तापतंय म्हणजे प्रोसेसर, असं धरून मी पहिल्याच रविवारी दोन हजारांचा टॉवर कूलर घेऊन गेलो. प्रोसेसरबरोबर आलेला छोटा कूलर काढला, हा बसवला. गेममध्ये ८६ अंशांवर असलेला प्रोसेसर ७१वर आला. भाचा खूश, मीही खूश, ताईने आंबरस-पुरी केली. सोमवारी दुपारी सव्वातीनला फोन आला.

आंबरस फुकट गेला, पण कूलर फुकट गेला असं म्हणणार नाही, त्याचा उपयोग पुढे सांगतो. आधी, मी जे पहिल्या दिवशी करायला हवं होतं ते.

बंद कसं पडतं ते बघा

प्रोसेसर तापला तर तो तडकाफडकी मरत नाही. आधी स्वतःचा वेग कमी करतो. रायझन ५ ५६००ची मर्यादा ९० अंश, इंटेलच्या आय५-१२४००ची १०० अंश. मर्यादा आली की वेग खाली येतो, गेम अडकत-अडकत चालतो, फॅन किंचाळायला लागतात. त्यानंतरही तापमान चढतच राहिलं, म्हणजे कूलर सुटलाय किंवा त्याचा फॅनच फिरत नाहीये, तरच तो जीव वाचवायला मशीन बंद करतो. ग्राफिक्स कार्डाचंही तसंच, ३०६० साधारण ९३ अंशांपर्यंत सहन करतं आणि त्याच्या आधीच हळू होतं. म्हणजे उष्णतेचा आजार असेल तर रोगी आधी धापा टाकतो.

वीजपुरवठ्याचा आजार असेल तर धापा वगैरे काही नाही. ६५ अंशांवर सुरळीत चाललेलं मशीन पुढच्या क्षणी काळं. भाच्याचं नेमकं हेच होतं.

विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये जाऊन "कर्नल-पॉवर ४१" अशी लाल नोंद दिसली की बरेच जण "सापडला दोष" म्हणून मला फोटो पाठवतात. ती नोंद एवढंच सांगते की मागच्या वेळी मशीन नीट बंद झालं नव्हतं. ते तुम्हाला आधीच माहीत आहे. कारण तिथं सापडत नाही.

त्यापेक्षा एक वही ठेवा. मी भाच्याला ठेवायला लावली: किती वाजता बंद पडलं, काय चालू होतं, बटण दाबल्यावर लगेच सुरू झालं का. बरोबर एचडब्ल्यूइन्फो हे तापमान दाखवणारं सॉफ्टवेअर चालू ठेवून त्याची नोंद फाइलमध्ये घ्यायला सांगितली, म्हणजे बंद पडण्याच्या आधीच्या सेकंदाचे आकडे हातात राहतात. पाच दिवसांत चार वेळा बंद, शेवटचं तापमान प्रोसेसर ७० ते ७३, कार्ड ७६ ते ७८. कुणीच मर्यादेच्या जवळपासही नाही.

वहीतली तिसरी गोष्ट सगळ्यात बोलकी निघाली. बटण दाबून सुरू होत नाही, पण भिंतीवरून वीज तोडून थांबलं की होतं. एसएमपीएसमध्ये, म्हणजे भिंतीतली वीज मशीनला लागेल तशी बदलून देणाऱ्या डब्यात, संरक्षणाचं सर्किट असतं. दाब (व्होल्टेज) घसरला किंवा प्रवाह फार वाढला की ते सगळं तोडतं आणि तसंच अडकून बसतं. आतली स्टँडबायची वीज पूर्ण उतरेपर्यंत ते मोकळं होत नाही. प्रोसेसर तापून बंद झालेल्या मशीनला भिंतीवरचा स्विच शोधावा लागत नाही, थोडा निवला की बटणानेच सुरू होतो.

डब्यावरचे ४५० आणि लेबलवरचे ४५०

आता कबुलीजबाब. भाच्याच्या मशीनमधला एसएमपीएस कॅबिनेटबरोबर आलेला होता. डिसेंबरात बजेट ताणलेलं होतं, "सध्या हा चालव, पुढच्या वर्षी बदलू" हे माझंच वाक्य. बाजूला मोठ्या आकड्यांत ४५० वॅट.

रविवारी बाजूचं पॅनेल काढून मोबाइलच्या टॉर्चने लेबल वाचलं. एसएमपीएसच्या लेबलवर एक तक्ता असतो: ३.३ व्होल्ट, ५ व्होल्ट, १२ व्होल्ट, आणि प्रत्येकाखाली अँपिअर. आजच्या मशीनमध्ये प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड, म्हणजे खाणारी दोन्ही तोंडं, १२ व्होल्टवर जेवतात. तिथं लिहिलं होतं १८ अँपिअर. १२ गुणिले १८, २१६ वॅट. उरलेला आकडा ५ आणि ३.३ व्होल्टच्या लाइनी बेरीज करून फुगवलेला, ज्यांना आता फारसं कामच नाही.

खर्चाची बाजू मांडू. ३०६० जोरात असताना १७० वॅट घेतं. ५६००वर लिहिलेले ६५ वॅट हा सोयीचा आकडा, प्रत्यक्षात मदरबोर्ड त्याला ७६ वॅटपर्यंत ओढू देतो. दोन्ही मिळून २४६. फॅन, रॅम, एसएसडी, मदरबोर्ड धरले तर ३००च्या आसपास. शिवाय ग्राफिक्स कार्ड काही मिलिसेकंदांपुरतं लिहिलेल्या आकड्याच्या बरंच वर उडी मारतं, ते वेगळंच.

मग डिसेंबर ते मार्च चाललं कसं? क्षमतेच्या वर ओढलं तरी थंड हवेत एसएमपीएस तग धरतो, एवढंच. उन्हाळ्यात दोन गोष्टी एकत्र आल्या. ताईच्या घरी दुपारी मल्टिमीटर लावला तर भिंतीवर २३० ऐवजी १९६ व्होल्ट. गल्लीतले सगळे एसी, कूलर आणि बोअरच्या मोटारी त्याच वेळी चालू. एसएमपीएसला पुढे तेवढेच वॅट द्यायचे असतात, म्हणून दाब पडला की तो मागून जास्त अँपिअर ओढतो आणि आणखी तापतो. त्यात खोली ३९ अंश. मागच्या जाळीतून येणाऱ्या हवेवर हात धरवत नव्हता.

मग मोकळ्या मोलेक्स (चार पिनांच्या) कनेक्टरच्या पिवळ्या आणि काळ्या वायरीवर मल्टिमीटर ठेवला. (दोन्ही टोकं एकमेकांना लागू द्यायची नाहीत, आणि घामेजल्या हाताने हे करायचं नाही.) नुसतं डेस्कटॉप उघडं असताना ११.९. गेम सुरू केला: ११.६, ११.५, दहा मिनिटांनी ११.३. एटीएक्स या पीसीच्या मानकाच्या नियमाने १२ व्होल्टची लाइन ५ टक्क्यांच्या आत राहायला हवी, म्हणजे कमीत कमी ११.४. भाचा म्हणाला, "मामा, आता जाणार." आणि गेलाच.

खात्रीसाठी मी माझ्या मशीनमधला ५५० वॅटचा एसएमपीएस काढून नेला, कॅबिनेटच्या बाहेर टेबलावर ठेवून तात्पुरता जोडला. चार दिवस, चारही दुपारी, एकदाही बंद नाही. अदलाबदल करून बघण्याइतकी पक्की चाचणी दुसरी नाही. हिरव्या वायरीत आणि काळ्या वायरीत पेपरक्लिप अडकवून "फॅन फिरतोय म्हणजे एसएमपीएस चांगला" असं सांगणारे पुष्कळ भेटतात. फॅन फिरतो म्हणजे फॅन फिरतो, भार पडल्यावर काय होतं ते त्यातून कळत नाही.

अदलाबदल करताना एक जपा. ज्या एसएमपीएसच्या वायरी दोन्ही टोकांनी सुट्या करता येतात, त्या त्याच्याच वापरायच्या. मदरबोर्डाकडचं टोक सगळ्यांचं सारखं असतं, एसएमपीएसकडचं नसतं. दुसऱ्याची वायर बसते, आणि चालू केल्यावर हार्ड डिस्क जळू शकते. आणि एसएमपीएसचा डबा स्वतः उघडायचा नाही. आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये ३००हून जास्त व्होल्ट साठलेले असतात, प्लग काढल्यावरही काही काळ.

नवा घेताना काय बघितलं

५५० वॅट, १२ व्होल्टवर ४५ अँपिअर, म्हणजे लेबलप्रमाणे जवळजवळ सगळे वॅट जिथं हवेत तिथं. ३००ची गरज आणि ५५०ची ताकद हे प्रमाण मला आवडतं. निम्म्याच्या आसपास भार असला की एसएमपीएस सगळ्यात काटकसरीने चालतो आणि फॅनही आवाज करत नाही. ३०६०साठी एनव्हिडियाही ५५०च सुचवते. ४०६० तर ११५ वॅटचंच कार्ड आहे, त्यालाही ५५० भरपूर. ३०८०सारखं ३२० वॅटचं कार्ड जुन्यात स्वस्त मिळालं म्हणून आणणार असाल तर ७५०च्या खाली जाऊ नका. नुसतं ऑफिसचं मशीन, ग्राफिक्स कार्ड नाही, तर चांगल्या प्रतीचा ४०० किंवा ४५० पुरतो, आणि तिथं ७५० घालणारे दुकानदार तुमच्या पैशाने स्वतःची धास्ती घालवतात.

८० प्लसचं चिन्ह बघा, पण त्याचा अर्थ समजून. ते फक्त काटकसर सांगतं. त्यातली ब्राँझ ही पायरी म्हणजे निम्म्या भाराला, भिंतीतून ओढलेल्या विजेपैकी साधारण ८५ टक्के मशीनला मिळते. हिशेब असा: मशीनला ३०० वॅट हवेत. ८५ टक्केवाला भिंतीतून ३५३ ओढतो, ५३ वॅट डब्यात उष्णता होते. ७० टक्केवाला ४२८ ओढतो, १२८ वॅट उष्णता. मुठीएवढ्या फॅनच्या एका डब्यात सव्वाशे वॅटचा बल्ब पेटवून ठेवल्यासारखं. उन्हाळ्यात तो आपोआपच पहिला बळी.

पण ८० प्लसची चाचणी २३ अंशांच्या आसपासच्या हवेत करतात. सांगलीत एप्रिलमध्ये २३ अंश पहाटे पाचला मिळतात, तेव्हा कुणी गेम खेळत नाही. म्हणून बॉक्सवर किंवा कंपनीच्या पानावर दुसरी एक ओळ शोधा: पूर्ण वॅट किती अंशांपर्यंत सलग मिळतील. ५० लिहिलं असेल तर निर्धास्त घ्या. ४० असेल तर थोडा मोठा आकडा घ्या. काहीच लिहिलं नसेल तर ते २५ आहे असं मी समजतो. आतले कपॅसिटर १०५ अंशांचे आहेत की ८५चे, तेही बघा. दर १० अंश कमी-जास्त झाले की त्यांचं आयुष्य ढोबळमानाने दुप्पट किंवा निम्मं होतं.

पाठीमागे लाल रंगाचा ११५/२३० असा सरकवायचा खटका असेल तर तो जुन्या धाटणीचा एसएमपीएस. नव्यांतले बरेच १०० ते २४० व्होल्ट आपोआप सांभाळतात, १९६ व्होल्टच्या दुपारीही अशांना स्टॅबिलायझर लागत नाही. तो लाल खटका कुणी पोराने ११५वर सरकवला तर काय होतं ते मी ऐकलंय. फटाक्याचा आवाज येतो.

जुना एसएमपीएस स्वस्तात मिळतोय म्हणून विचारणाऱ्यांना सांगलीकर म्हणून एवढंच सांगेन की फॅनच्या पात्यांच्या मुळाशी बघा. २०१९ आणि २०२१च्या पुरात कृष्णेचं पाणी कितीतरी दुकानांत आणि घरांत शिरलं होतं, आणि त्यातलं बरंच सामान धुऊन-पुसून परत बाजारात आलं. बाहेरचा पत्रा चकचकीत करता येतो, पात्यांच्या सांध्यात बसलेला तांबूस गाळ राहतोच. मला एकाने मदरबोर्डासकट सगळं मशीन दाखवलं होतं, स्क्रूच्या डोक्यात गाळ होता. नमस्कार करून परत आलो.

कूलरचं काय

आता त्या टॉवर कूलरकडे. हवेचा असो की पाण्याचा, कुठलाही कूलर प्रोसेसरला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. तो फक्त खोली आणि प्रोसेसर यांच्यातलं अंतर कमी करतो. जानेवारीत २३ अंशांच्या खोलीत प्रोसेसर ७० दाखवत असेल, तर अंतर ४७चं. तेच अंतर ३९ अंशांच्या खोलीत ८६ होतं. मशीनमध्ये काहीही बिघडलेलं नाही, ऋतू बदललाय. म्हणून हिवाळ्यात जोडलेल्या मशीनची परीक्षा हिवाळ्यात घेऊन उपयोग नाही. आलेल्या आकड्यात १५-१६ मिळवा आणि मर्यादेशी ताडून बघा.

भाच्याचं आधीपासून एकच पालुपद, "मामा, लिक्विड कूलर टाकूया का?" ७६ वॅटच्या प्रोसेसरला? त्यात पंप आहे, पंपाला आयुष्य आहे, आणि रेडिएटरवरून जाणारी हवा त्याच खोलीतली ३९ अंशांचीच. १२० मिलिमीटरचा एक फॅन असलेला साधा टॉवर या प्रोसेसरला पुरून उरतो. बरोबर आलेल्या कूलरवरही मशीन चाललं असतं, थोडा आवाज करत. मी घातलेले दोन हजार वाया गेले नाहीत ते एवढ्यासाठी की आता फॅन शांत आहे. पण क्रम चुकला. ते दोन हजार एसएमपीएसमध्ये आधी जायला हवे होते.

कूलर बसवताना होणाऱ्या चुका मात्र खऱ्या असतात. तळाची पारदर्शक फिल्म न काढता बसवलेले तीन कूलर मी स्वतः उघडलेत. इंटेलबरोबर येणाऱ्या कूलरचे चार प्लॅस्टिकचे खुंट तिरक्या समोरासमोरच्या जोडीने दाबायचे, प्रत्येकाचा टक्‌ आवाज यायला हवा, आणि मग बोर्डाच्या मागे चारही टोकं बाहेर आलीत का ते डोळ्यांनी बघायचं. एक खुंट अर्धवट राहिला की कूलर तिरका बसतो. प्रोसेसर आणि कूलरच्या मधे लावायची पेस्ट वाटाण्याएवढी पुरे. कूलर काढला की जुनी पुसून नवी लावायचीच.

हवा कुठून येते आणि कुठं जाते हे बघायला उदबत्ती लावा. खरंच. समोरच्या फॅनपुढे धूर आत ओढला गेला पाहिजे, मागच्या आणि वरच्या फॅनमागून बाहेर पडला पाहिजे. भाच्याच्या कॅबिनेटचा पुढचा भाग अख्ख्या काचेचा, कडेला बोटभर फट. तीन रंगीत फॅन त्या फटीतून श्वास घ्यायला धडपडत होते. धूर काचेवर आपटून परत फिरला. काच काढून जाळीचं पॅनेल लावलं तर कार्ड ५ अंशांनी खाली आलं. तुमच्याकडे बघायचं असेल तर बाजूचं पॅनेल काढून अर्धा तास गेम चालवा. ५-६ अंशांहून जास्त फरक पडला तर कॅबिनेटचा श्वास कोंडतोय. नाही पडला तर हवेवर आणखी खर्च करू नका. कॉम्प्युटर टेबलाच्या त्या दार असलेल्या कप्प्यात कॅबिनेट कोंबलं असेल तर बाकी काही तपासायच्या आधी ते बाहेर काढा.

आणि खोली थंड करायचा पाण्याचा कूलर कॅबिनेटवर रोखून ठेवू नका. हवेबरोबर बोअरच्या खाऱ्या पाण्याचे बारीक तुषार येतात, पिनांवर पांढरी पूड धरते. खोली थंड करायला हरकत नाही, तोंड दुसरीकडे.

पिवळी धूळ

उष्णतेचा खरा आजार कसा दिसतो याचं उदाहरण. कुपवाडला एका मित्राची हळद दळायची गिरणी आहे, बाजूला छोटं ऑफिस. "मशीन म्हातारं झालंय, नवीन घ्यावं लागेल बहुतेक," असं म्हणत होता. बिल काढायला एक मिनिट, सकाळी बरं, अकरानंतर रडायचं. बंद मात्र पडायचं नाही. धापा टाकणारा रोगी.

कॅबिनेट उघडलं तर आत सगळं पिवळं. कूलरचा फॅन उचलला, तर फॅन आणि पत्र्यांच्या मधे हळदीचा आणि धुळीचा मिळून नमद्यासारखा थर. चिमटीत धरून ओढला तर पापडासारखा अख्खा निघाला, पत्र्यांच्या रेषा उमटलेला. त्याखालचे पत्रे नवे कोरे. ब्रश आणि हातातला छोटा ब्लोअर, बास. ब्लोअर मारताना फॅनला बोट लावून धरायचं, नाहीतर तो भलत्या वेगाने फिरून बेअरिंग जातं. गॅरेजमधला कॉम्प्रेसर वापरू नका, त्यातून पाणीही येतं. पेस्ट बदलली. १०० अंशांना टेकलेला प्रोसेसर ६६वर आला. कॅबिनेट जमिनीवरून उचलून टेबलावर ठेवलं, गिरणीच्या दारापासून लांब. दर अमावस्येला साफ करायचं असं त्यानेच ठरवलंय, त्या दिवशी गिरणी बंद असते.

लाइट गेली की बंद

हा वेगळा आजार आहे, त्यात मिसळू नका. वीज गेल्यावर चांगला एसएमपीएस पूर्ण भाराला १२, थोड्या कमी भाराला १७ मिलिसेकंदांच्या आसपास दम धरतो. तेवढ्यात इन्व्हर्टरने सूत्रं घेतली पाहिजेत. घरातल्या इन्व्हर्टरला मागे किंवा पुढे एक खटका असतो, तो यूपीएस मोडवर नसेल तर बदलायला त्याला जास्त वेळ लागतो आणि पंखे चालू राहतात, मशीन मात्र जातं. आधी खटका बघा. मिरजेच्या एका ओळखीच्यांनी याच कारणावरून दोन एसएमपीएस बदलले होते.

६०० व्हीएचा यूपीएस म्हणजे ६०० वॅट नव्हे, बहुतेक ३६०. भाच्याचं मशीन भिंतीतून ३५० आणि मॉनिटर २५, झाला ओव्हरलोड. १००० व्हीएचा घ्या. आणि नव्या एसएमपीएसना चौकोनी लहरीचे स्वस्त इन्व्हर्टर पचतीलच असं नाही. गुणगुणणं किंवा बॅटरीवर जाताच बंद पडणं दिसलं तर प्युअर साइन वेव्हचा (गोलसर लहरीचा) इन्व्हर्टर हाच उपाय.

सगळं बदलून झाल्यावर ताई म्हणाली, "फरशी पुसताना त्या डब्याला हात लागला की झिणझिण्या येतात." भाच्याने तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या अडॅप्टरमधून लावला होता. एसएमपीएसच्या आतलं फिल्टर अर्थिंग नसेल तर पत्र्यावर निम्मा दाब सोडतं, शंभर-सव्वाशे व्होल्ट. प्रवाह अगदी थोडा, पण ओल्या अनवाणी पायांना कळतो. अडॅप्टर फेकला, तीन पिनांच्या सॉकेटला जोडलं, झिणझिण्या गेल्या. गेल्या नसत्या तर वायरमनला बोलवून घराचं अर्थिंग तपासावं लागलं असतं.

नवा एसएमपीएस येईपर्यंत भाच्याने दिवस कसे काढले तेही सांगतो, कारण महिनाअखेरीला सगळ्यांचीच तीच अडचण असते. ग्राफिक्स कार्डाची वीजमर्यादा ८० टक्क्यांवर आणली, म्हणजे १३६ वॅट. मॉनिटर ६० हर्ट्‌झचाच होता, तर गेमलाही ६० फ्रेमचा लगाम घातला. तेवढ्यात त्या जुन्या एसएमपीएसवरही तीनपैकी दोन दुपारी निभावल्या. खेळताना फरक कळत नाही असं तोच म्हणाला, आणि नव्यावरही त्याने ती सेटिंग तशीच ठेवली आहे.

स्वयंपाकघरातल्या काट्यावर दोन्ही एसएमपीएस ठेवून बघितले. जुना ७०० ग्रॅम, नवा पावणेदोन किलो. वजनावरून निकाल देऊ नये, पण आत तांबं आणि उष्णता खाणारा पत्रा कमी असला की डबा हलका लागतोच. ताई म्हणाली जुना कशाला टाकता, कुणाच्या तरी कामाला येईल. तो कुणाच्या कामाला येणार होता ते मला माहीत होतं, भाच्याच्या मित्राने दोनदा विचारून झालं होतं. म्हणून प्लग काढून ठेवलेल्या त्या डब्याच्या सगळ्या वायरी मुळाशी कापल्या आणि मगच भंगारात दिला.